क्यूचा जोड कसा पारखावा

कारागिराकडून खास बनवून घेतलेला क्यू, म्हणजे पूल या बिलियर्डसारख्या खेळाची काठी, हाती आला की बहुतेकांची नजर आधी बटावरच्या, म्हणजे मागच्या जाड भागावरच्या, नक्षीवर जाते. माझा आग्रह असा, की नक्षी नंतर पाहावी. आधी क्यूचे दोन्ही भाग, बट आणि पुढचा निमुळता शाफ्ट, सुटे करून जोडाची दोन तोंडे उजेडात धरावीत. नक्षीत कारागिराची आवड दिसते, पण त्याचा हात किती नेमका आहे हे या दोन लहानशा तोंडांवरून कळते.

थोडा हिशेब मांडला म्हणजे या आग्रहामागचे कारण लक्षात येईल. पूलचा क्यू साधारण ५८ इंच लांब असतो आणि बहुधा बरोबर मध्यावर विभागलेला असतो, म्हणजे शाफ्टची लांबी सुमारे ७३७ मिलिमीटर भरते. जोडाच्या तोंडाचा व्यास मात्र जेमतेम २१ मिलिमीटर. समजा, हे तोंड क्यूच्या अक्षाशी अगदी काटकोनात नसून त्याची एक कड दुसरीपेक्षा ०.०२ मिलिमीटरने खाली आहे. केसाच्या जाडीपेक्षाही हा फरक कमी आहे. तरीही तेवढ्या कलामुळे शाफ्टचे दुसरे टोक सुमारे ०.७ मिलिमीटर बाजूला सरकते, आणि क्यू फिरवला की टिप, म्हणजे चेंडूला लागणारे टोक, डोळ्यांना दिसेल इतकी डुलते. दोन्ही भाग सुटे असताना अगदी सरळ असले, तरी जोडलेला क्यू वाकडा निघतो तो यामुळे.

जोडाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात शाफ्टच्या तोंडातून पितळेचा किंवा कठीण प्लास्टिकचा एक छोटा उंचवटा, ज्याला पायलट म्हणतात, बाहेर आलेला असतो आणि तो बटाच्या कॉलरमधील, म्हणजे तोंडाभोवतीच्या कड्यातील, खोलगट जागेत जाऊन बसतो. अमेरिकेतील नामवंत क्यूकार जॉर्ज बालाबुश्का (१९१२–१९७५) यांच्या क्यूंमुळे स्टेनलेस स्टीलची कॉलर आणि ५/१६ इंची, इंचाला १४ आटे असलेली पिन (बटातून बाहेर आलेला, दोन भाग जोडणारा स्क्रू) ही जोडी प्रतिष्ठेची ठरली. दुसऱ्या प्रकारात दोन्ही तोंडे सपाट असतात. ३/८ इंची, म्हणजे तीन सुती, इंचाला १० आटे असलेली जाड पिन अनेकदा थेट शाफ्टच्या लाकडात पाडलेल्या आट्यांत फिरते. पायलट असलेल्या जोडात दोन भाग एका रेषेत आणण्याचे काम बरेचसे पायलट करतो. सपाट जोडात ती सगळी जबाबदारी तोंडांच्या काटकोनावर आणि आट्यांच्या नेमकेपणावर येते, म्हणून तिथे चूक लपत नाही.

तपासणीची सुरुवात स्वच्छतेपासून करावी. तोंडावर खडूचा एखादा कण राहिला, तरी पुढचे सगळे निष्कर्ष चुकतात. कोरड्या सुती कापडाने दोन्ही तोंडे आणि मऊ ब्रशने आटे पुसून घ्यावेत. मग शाफ्ट चिमटीत धरून, जोर न लावता, सावकाश फिरवत न्यावा. तोंडे भेटेपर्यंत आट्यांत किंचित सैलपणा जाणवला तर तो दोष समजू नये, कारण तेवढी मोकळीक तोंडांना नीट टेकण्यासाठी लागते. दोष ओळखायचा तो शेवटच्या पाव फेऱ्यात. चांगला जोड तिथे एकदम थांबतो. तोंडे सगळीकडून एकाच वेळी टेकल्याचे बोटांना कळते. वाईट जोड आधी एका बाजूने टेकतो, मग हळूहळू आवळत जातो आणि पूर्ण बंद होण्यासाठी मनगटाचा जोर मागतो.

यानंतरची कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जोड आवळायचा नाही. तोंडे नुकती टेकली की थांबायचे. जोडाच्या मागे दिवा धरावा, डोळा जोडाच्या पातळीवर आणावा आणि क्यू पूर्ण एक वेढा फिरवावा. उजेडाची रेघ कुठेही दिसता कामा नये. अनेक जण जोड घट्ट आवळून मग उजेड पाहतात, आणि तिथेच फसतात, कारण लाकूड दबते, पिन किंचित वाकते आणि फट मिटते. पण फट मिटवणारा तो ताण क्यूमध्येच राहतो. माझ्या हाती एकदा असाच एक देखणा क्यू आला होता. आवळल्यावर जोडाची रेघ नखालाही लागत नव्हती, मात्र किंचित सैल करताच एका बाजूने केसाएवढा उजेड डोकावला, आणि क्यू टेबलावर लोटल्यावर टिप नेमकी उड्या मारताना दिसली.

शंका उरली तर शिसपेन्सिल कामी येते. एका तोंडावर मऊ पेन्सिल हलकेच घासावी, जोड टेकवून किंचित फिरवावा आणि सोडून दुसऱ्या तोंडावर उमटलेला ठसा पाहावा. कडेलगत अखंड कडे उमटले तर काम चोख आहे. मध्यभाग कोरा राहिला तर चिंता नको. जाणते कारागीर तोंडाचा मध्य मुद्दाम किंचित खोल ठेवतात, म्हणजे बाहेरची कड आधी टेकते. कडे अर्धेच उमटले तर मात्र तोंड कललेले आहे.

क्यू लोटून पाहण्याची चाचणी सगळ्यांना ठाऊक असते, पण तिचा अर्थ लावताना गल्लत होते. आधी बट आणि शाफ्ट वेगवेगळे लोटावेत, मगच जोडून लोटावे. क्यू निमुळता असल्यामुळे त्याच्याखाली काही ठिकाणी फट दिसणारच. ही फट स्थिर असेल तर ती उताराची आहे. लोटताना ती उघडझाप करत असेल तर ती वाकाची आहे. सुटे भाग सरळ आणि जोडलेला क्यू वाकडा, असे निघाले तर दोष जोडात आहे. त्याच बटाचा दुसरा शाफ्ट हाताशी असेल तर तोही लावून पाहावा: दोन्ही शाफ्टांची टिप डुलली तर संशय बटाच्या तोंडावर किंवा पिनेवर जातो, एकाचीच डुलली तर त्या शाफ्टवर.

खुळखुळ किंवा झणझण ऐकू येत असेल तर लगेच जोडाला दोष देऊ नये. बटाच्या तळाशी वजनाचा बोल्ट असतो, तो सैल झाला तरी असाच आवाज येतो. दोन्ही भाग सुटे करून प्रत्येकावर बोटाने टकटक करावी. बोल्ट घट्ट असूनही आवाज बटातूनच आला, तर पिन डिंकातून सुटली आहे का ते पाहावे.

बनवणाऱ्याशी बोलताना दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. पहिली म्हणजे आट्यांचे भोक कसे पाडले. साधे ड्रिल लाकडाच्या रेषांमागे भरकटते आणि टॅप, म्हणजे आटे पाडण्याचे हत्यार, त्याच भरकटलेल्या भोकामागे जातो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारा माणूस ड्रिलनंतर लेथवर बोअरिंगच्या हत्याराने भोक अक्षावर आणतो आणि मगच आटे पाडतो. दुसरी म्हणजे तोंड कधी छाटले. पिन इपॉक्सी गोंदाने बसवून तो पूर्ण वाळल्यानंतर, पिनेलाच अक्ष मानून कॉलर आणि तोंड शेवटचे छाटले असेल, तर पिन बसवताना झालेली बारीक चूकही तिथे निघून जाते. हा क्रम उलटा असेल तर कितीही महागडी पिन वापरून उपयोग नाही. शाफ्टचे मेपल लाकूडही एका दमात कातलेले नसावे. थोडे कातायचे, काही आठवडे किंवा महिने टांगून ठेवायचे, वाकले तर सरळ करत पुन्हा थोडे कातायचे, अशा टप्प्यांनीच ते स्थिर होते.

स्टीलचा जोड चांगला की लाकडाला लाकूड भिडणारा, हा वाद खेळाडूंमध्ये कायमचा आहे. हाताला आणि कानाला फरक जाणवतो, हे मी नाकारत नाही. तरी टिपेचा कठीणपणा आणि शाफ्टचा उतार यांचा फटक्यावर होणारा परिणाम जोडाच्या साहित्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि चोख बसलेला साधा जोड ढिसाळ बसलेल्या उंची जोडापेक्षा केव्हाही सरस, असे माझे ठाम मत आहे.

दोष सापडलाच तर तोंडावर स्वतः काचपेपर फिरवू नये. हाताने घासलेल्या तोंडाची कड गोल होते आणि पाव तासात लेथवर सुटणारी अडचण नवी कॉलर बसवण्यापर्यंत जाते. लाकडी आटे कोरडे होऊन करकरू लागले तर पिनेवर मेणाचा हलका हात फिरवावा. तेल लावू नये, ते लाकडात मुरते. खेळ संपल्यावर भाग सुटे करून दोन्ही तोंडांवर टोप्या चढवाव्यात. पुढे कधी जादा शाफ्ट करून घ्यायचा असेल तर पिनेचे माप कळवून भागत नाही. बट कारागिराकडे द्यावा, म्हणजे नवे तोंड त्याच कॉलरवर टेकवून पाहत छाटता येते.