अमेरिकेत क्रिमिनल जस्टिस, होमलँड सिक्युरिटीमध्ये मास्टर्स करताय? मग या चुका टाळा

दिवाळीचा फराळ संपत आला की माझ्याकडे एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारे अर्जासोबतचे निबंध, यायला लागतात, दादा जरा वाचून बघ ना म्हणून. बहुतेकांची सुरुवात एकच असते, २६/११ च्या रात्री टीव्हीसमोर बसलो होतो आणि तेव्हाच ठरवलं वगैरे. अरे बाबा, २००८ ला तू बालवाडीत होतास. हे वाक्य तिकडच्या अ‍ॅडमिशन कमिटीने इतक्यांदा वाचलेलं असणार की पुढचं वाचायचा उत्साहच जात असेल. त्यापेक्षा २६/११ च्या कटातल्या हेडलीची केस शिकागोच्या कोर्टात चालली, दोन देशांच्या तपास यंत्रणांमध्ये माहितीची देवाणघेवाण कशी होते हे मला शिकायचंय असं लिहिलंत तर निदान काहीतरी पकड येते.

पण खरी गडबड शेवटच्या पॅरात असते. "मला एफबीआयमध्ये काम करायचंय." एफबीआयला अमेरिकन नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डसुद्धा चालत नाही, स्टुडंट व्हिसाचं तर सोडूनच द्या. आणि एफबीआय होमलँड सिक्युरिटीत येतही नाही, ते न्याय खात्याकडे आहे. होमलँड सिक्युरिटी हे खातं ९/११ नंतर २००२ च्या कायद्याने झालं, १ मार्च २००३ पासून २२ वेगवेगळ्या यंत्रणा एकत्र करून कामाला लागलं, त्यात सीमेवरचे कस्टमवाले, एअरपोर्टवर तपासणी करणारे, २०२५ पर्यंत बूट काढायला लावणारे टीएसए, पूर-वादळात धावणारी फेमा, कोस्ट गार्ड असं सगळं आलं. इथेही जवळपास सगळीकडे तेच, नागरिकत्व. हेच वाक्य व्हिसाच्या खिडकीवर बोललात तर अजून वाईट, कारण तिथे तुम्ही शिकून परत येणार हे पटवायचं असतं, आणि २१४(बी), म्हणजे परत जाणार हे पटलं नाही तर व्हिसा नाकारायचं कलम, त्याखाली रिजेक्ट करायला ऑफिसरला एवढं पुरतं.

म्हणजे मुळात एक गोष्ट डोक्यात पक्की करा, ही डिग्री बऱ्याच ठिकाणी तिकडच्या नोकरीत असलेल्या पोलिसांसाठी, सरकारी माणसांसाठी बनवलेली आहे, त्यांना प्रमोशन हवं असतं. मॉन्टेरेच्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलचा होमलँड सिक्युरिटीचा मास्टर्स या विषयातला सगळ्यात नावाजलेला म्हणतात, तर तो अमेरिकेतल्याच सरकारी अधिकाऱ्यांसाठी आहे, आपण फॉर्म भरण्यातही अर्थ नाही. या वर्गात आपण कुठे बसतो ते आधी बघायचं, मग युनिव्हर्सिटी निवडायची.

त्यामुळेच यातले कितीतरी कोर्स ऑनलाइन असतात, ड्युटी सांभाळून करता यावेत म्हणून. फी बघून पोरं खूश होतात आणि अ‍ॅडमिशन घेऊन मोकळी होतात. पूर्ण ऑनलाइन कोर्सवर एफ-१, म्हणजे स्टुडंट व्हिसा मिळत नाही, आणि कॅम्पसवर असलात तरी एका सेमिस्टरला फुलटाइमच्या हिशोबात एकच ऑनलाइन विषय, म्हणजे ३ क्रेडिटच, धरले जातात. अ‍ॅडमिशन ऑफिसला सरळ मेल टाकून विचारा की हा कोर्स कॅम्पसवर आहे का आणि तुम्ही आय-२० (व्हिसासाठी युनिव्हर्सिटीने द्यायचा फॉर्म) देता का. उत्तर गोलमोल आलं तर पुढे जाऊ नका.

आय-२० हातात आला की सगळे नाव आणि स्पेलिंग बघतात. त्यात मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, समोर एक सहा आकडी कोड असतो, तो बघा. क्रिमिनल जस्टिसचा ४३.०१०४, होमलँड सिक्युरिटीचा ४३.०३०१. हे कोड स्टेमच्या, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-इंजिनिअरिंग-गणिताच्या, सरकारी यादीत नाहीत, म्हणजे शिकून झाल्यावर ओपीटीचे, म्हणजे स्टुडंट व्हिसावर आपल्या विषयात नोकरी करायच्या परवानगीचे, १२ महिने, बस. सायबर फॉरेन्सिक्सचा ४३.०४०३ यादीत आहे, फॉरेन्सिक सायन्सही आहे, त्यांना वर आणखी २४ महिने मिळतात. कर्ज काढून जाणाऱ्याला १२ आणि ३६ मधला फरक म्हणजे काय ते मी सांगायला नको. कोर्सच्या नावावर जाऊ नका हं, नावात सायबर असतं आणि कोड भलताच असतो. हा कोड फी भरायच्या आधी विचारायचा, नंतर एजंट "बघू, होईल" म्हणतो आणि होत काहीच नाही.

अभ्यासाचं म्हणाल तर पहिल्या सेमिस्टरला आपली लॉ झालेली पोरं एका ठिकाणी हमखास अडकतात. आपल्याकडे पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, तिकडे येतो, फक्त त्याआधी कोठडीत चौकशी करताना हक्क वाचून दाखवलेले पाहिजेत, १९६६ ची मिरांडा केस. झडतीचंही तसंच, चौथी घटनादुरुस्ती आणि १९६१ ची मॅप केस, बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा सहसा बाद. आपल्याकडे कोर्ट तेवढं कडक नाही. पेपरात आपल्या सवयीने उत्तर लिहिलं की मार्क गेले.

थीसिसला बरेच जण भारत आणि अमेरिकेतल्या गुन्ह्यांची तुलना घेतात, सोपं वाटतं, दोन्हीकडचे आकडे नेटवर आहेत. आकडे काढले, ग्राफ काढला, आणि २०२१ ला अमेरिकेच्या आकड्यांत मोठं भोक दिसलं. तुमची चूक नाही ती. एफबीआयने १ जानेवारी २०२१ पासून जुनी पद्धत बंद करून फक्त एनआयबीआरएस या नव्या नोंदणी पद्धतीवर आकडे घ्यायचं ठरवलं आणि न्यूयॉर्क, लॉस एंजेलिससारख्या मोठ्या पोलीस दलांनी त्या वर्षी दिलेच नाहीत. जुन्या पद्धतीत एका घटनेत चार गुन्हे असले तरी सगळ्यात गंभीर एकच मोजायचे, नवीनमध्ये सगळे मोजतात. आपला एनसीआरबी, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे काढणारा ब्युरो, अजून एकच मुख्य गुन्हा मोजतो. त्यामुळे नवे आकडे आपल्या आकड्यांशेजारी ठेवून "तिकडे गुन्हे वाढले" असं लिहिलंत तर गाइड तिथेच लाल शाई मारणार. १९७३ पासून तिकडे घरोघरी विचारून केलेला पीडितांचा सर्व्हेही आहे, एनसीव्हीएस, तो शेजारी ठेवून बघा, बराच उलगडा होतो.

आता माझी स्वतःची फजिती. सुट्टीत पुण्याला आलो होतो, शेजारचे एक काका पोलिसात, त्यांच्यामुळे पाच जणांच्या मुलाखती मिळाल्या, चहा-पोहे खात खात फोनवर रेकॉर्ड केल्या, काका म्हणाले "लिही बिनधास्त, फक्त आमच्या साहेबांचं नाव नको." मस्त मटेरियल होतं. परत गेल्यावर गाइडने पहिला प्रश्न विचारला, आयआरबीचं, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या रिसर्च तपासणाऱ्या बोर्डाचं, अ‍ॅप्रूव्हल कोणत्या तारखेचं? मी म्हटलं, अर्ज लिहितोय. पाचही मुलाखती बाद. माणसांवरच्या रिसर्चला आधी त्या बोर्डाची परवानगी लागते आणि ती मागच्या तारखेने मिळत नाही, मग मुलाखत अमेरिकेत घ्या नाहीतर सदाशिव पेठेत. कैद्यांवर काम करायचं असेल तर नियम आणखी कडक, त्यासाठी वेगळे महिने धरून ठेवा.

मग नोकरी कुठे आहे? बँकांमध्ये. मनी लाँड्रिंग, केवायसी, फ्रॉड, संशयास्पद व्यवहारांचे रिपोर्ट लिहिणं. मी हेच करतो, ऐकायला एफबीआयसारखं भारी वाटत नाही, पण कोण पैसे कुठून कुठे फिरवतोय हे शोधण्यात मजा आहे आणि पुण्या-मुंबईतही हे काम मिळतं. जॉब साइटवर "होमलँड सिक्युरिटी" टाकून सर्च करत बसू नका, नागरिकत्व मागणाऱ्या जागाच वर येतील. "फ्रॉड इन्व्हेस्टिगेटर", "एएमएल अ‍ॅनालिस्ट" (एएमएल म्हणजे अँटी मनी लाँड्रिंग) टाका. आणि ओपीटीचा अर्ज कोर्स संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो, तो शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, कारण ओपीटी सुरू झालं की बिननोकरीचे एकूण ९० दिवसच चालतात आणि त्यात शनिवार-रविवारही मोजतात.