साउंड सर्व्हर पडला तरी भोंगा वाजला पाहिजे: सी भाषेत पल्सऑडिओशी असिंक्रोनस जोडणी

समजा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी तुम्ही सी भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिताय. पाळी बदलताना भोंगा, जेवणाच्या सुट्टीची घंटा, अधूनमधून एखादी सूचना. लिनक्सचा जुना डेस्कटॉप, त्याला यूएसबी साउंड कार्ड, पुढे ॲम्प्लिफायर आणि हॉर्न. हा प्रोग्रॅम महिनोन्‌महिने चालू राहणार. त्या काळात साउंड सर्व्हर (प्रोग्रॅमांचा आवाज साउंड कार्डापर्यंत नेणारा प्रोग्रॅम) अपडेट होईल, रीस्टार्ट होईल, झाडलोट करताना कोणाच्या तरी पायात यूएसबीची वायर अडकेल. पहिला आवाज काढायला फारसं डोकं लागत नाही. सर्व्हर गेल्यावर न बोलावता परत जोडलं जाणं, खरं काम ते आहे, आणि बहुतेक नमुना प्रोग्रॅम तिथे पोचायच्या आतच संपतात.

इथे पल्सऑडिओ या साउंड सर्व्हरची क्लायंट लायब्ररी (त्याच्याशी बोलायची फंक्शनं), म्हणजे लिबपल्स, धरली आहे. हा सर्व्हर 2004 मध्ये पॉलिपऑडिओ नावाने सुरू झाला आणि 2006 मध्ये त्याचं नाव बदललं. फेडोराने 2021 मध्ये, 34 व्या आवृत्तीपासून, त्याच्या जागी पाइपवायर आणलं. पण पाइपवायर पल्सऑडिओचीच भाषा बोलतं, त्यामुळे लिबपल्सवरचा कोड दोन्हीकडे चालतो. उबुंटू-डेबियनवर लिबपल्स-डेव्ह हे पॅकेज टाकलं की हेडर फाइली मिळतात. फंक्शनांची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

१. आधी लूप निवडा

लिबपल्सचं सगळं काम एका इव्हेंट लूपवर, म्हणजे घटनांची वाट बघत फिरणाऱ्या चक्रावर, चालतं. साधा मेनलूप तुम्हाला स्वतः फिरवावा लागतो. जीटीकेचा (खिडक्या-बटणं दाखवणाऱ्या लायब्ररीचा) प्रोग्रॅम असेल तर जीलिबचा लूप सोयीचा. आपल्या भोंग्याला घड्याळ बघणं, सेटिंगची फाइल वाचणं अशी इतर कामंही आहेत, म्हणून थ्रेडेड मेनलूप घ्या. तो स्वतःच्या वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे बाकीच्या प्रोग्रॅमला समांतर, फिरतो.

त्याची शिस्त मात्र कडक आहे. लूप सुरू झाला की लिबपल्सच्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी पीए_थ्रेडेड_मेनलूप_लॉक, म्हणजे दोन थ्रेड एकाच वेळी तिथे शिरत नाहीत; काम झालं की अनलॉक. कॉलबॅकच्या (काही घडलं की लायब्ररी बोलावते त्या तुमच्या फंक्शनच्या) आत मात्र लॉक आधीच घेतलेलं असतं; तिथे पुन्हा लॉक किंवा वेट करायचं नाही. कॉलबॅकमध्ये स्लीपही नको, कारण तो थ्रेड थांबला की आवाजासकट सगळंच थांबतं.

२. जोडणी मागा आणि स्थिती बघत राहा

पीए_कॉन्टेक्स्ट_न्यूने कॉन्टेक्स्ट, म्हणजे सर्व्हरशी असलेली जोडणी, बनवा, त्याला स्थिती बदलली की बोलावला जाणारा स्टेट कॉलबॅक लावा, मगच पीए_कॉन्टेक्स्ट_कनेक्ट. क्रम उलटा केलात तर सुरुवातीचे बदल हुकतील. कनेक्टने ऋण आकडा दिला तर चूक लगेच कळते. शून्य दिला म्हणजे जोडणी झाली असं समजू नका. विनंती निघाली, एवढाच त्याचा अर्थ; उत्तर मागाहून येतं, असिंक्रोनस म्हणजे हेच. त्यानंतर कॉन्टेक्स्ट कनेक्टिंग, ऑथरायझिंग, सेटिंग नेम असं करत रेडीपर्यंत जातो, नाहीतर वाटेतच फेल्ड होतो. आपण स्वतः जोडणी तोडली की टर्मिनेटेड.

मुख्य थ्रेडला रेडीची वाट बघायची असेल तर लॉक घेऊन पीए_थ्रेडेड_मेनलूप_वेट वापरा आणि कॉलबॅकमधून सिग्नल द्या. ही वाट व्हाइलमध्येच बघा, इफमध्ये नको. सिग्नल भलत्याच कारणाने आलेला असू शकतो, म्हणून जाग आल्यावर स्थिती दरवेळी नव्याने तपासायची. आणि त्या व्हाइलच्या अटीत रेडीबरोबर फेल्ड आणि टर्मिनेटेडही हवेत. नाहीतर सर्व्हर बंद असताना प्रोग्रॅम तिथेच कायमचा गोठेल, आणि कामगार घड्याळाकडे बघून घरी जातील.

३. माहिती विचारताना

उपलब्ध सिंकांची (आवाज जिथून बाहेर पडतो त्या साउंड कार्डासारख्या जागांची) यादी मागितली की एक ऑपरेशन, म्हणजे त्या विनंतीची खूण, परत मिळतं. त्याचा काही उपयोग नसला तरी ते सोडून देणारं पीए_ऑपरेशन_अनरेफ विसरू नका. महिनोन्‌महिने चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अशा गळत्या साठत जातात. उत्तर कॉलबॅकमध्ये एकेक सिंक करून येतं. यादी संपली की कॉलबॅकला मिळणारा ईओएल हा आकडा धन होतो, चूक असेल तर ऋण. प्रत्येक सिंकबरोबर मिळणारा स्ट्रक्ट कॉलबॅक संपेपर्यंतच वैध असतो, म्हणून सिंकचं नाव नंतर लागणार असेल तर त्याची प्रत करून ठेवा.

४. आवाजाचा स्ट्रीम

कॉन्टेक्स्ट रेडी झाल्यावरच पीए_स्ट्रीम_न्यू. 48,000 हर्ट्झ, दोन चॅनेल, 16 बिट म्हणजे सेकंदाला 1,92,000 बाइट. बफरमध्ये टीलेंग्थ (किती बाइट भरलेले ठेवायचे ते) 19,200 ठेवलीत तर साधारण 100 मिलिसेकंदांचा साठा होतो. भोंग्याला इतकी घाई नसते, त्यामुळे साठा मोठा ठेवला तरी चालतं, उलट आवाज तुटायची भीती कमी होते. राइट कॉलबॅक जेवढे बाइट मागेल तेवढे द्या. तिथे डिस्कवरून फाइल वाचत बसू नका, नमुने आधीच मेमरीत आणून ठेवा.

स्ट्रीमलाही स्वतःचा स्टेट कॉलबॅक हवा. यूएसबी कार्ड निघालं की सर्व्हर स्ट्रीम दुसऱ्या सिंकवर हलवू शकतो, किंवा बंद करतो आणि स्ट्रीम फेल्ड होतो. कॉन्टेक्स्ट मात्र रेडीच राहतो, कारण सर्व्हर जिवंत आहे. अशा वेळी फक्त स्ट्रीम नव्याने बनवायचा, सगळी जोडणी पाडायची गरज नाही. कार्ड परत लागल्याचं कळावं म्हणून पीए_कॉन्टेक्स्ट_सबस्क्राइबने सिंकांच्या बदलांची खबर मागून ठेवा.

५. सर्व्हरच गेला तर

फेल्ड झालेला कॉन्टेक्स्ट पुन्हा वापरता येत नाही. पीए_कॉन्टेक्स्ट_एर्नोवरून कारण लॉगमध्ये लिहा, जुना स्ट्रीम आणि कॉन्टेक्स्ट सोडा आणि दोन्ही कोरे बनवा. हे कॉलबॅकमध्येच उरकण्यापेक्षा लूपच्या एपीआयमधल्या टाइम_न्यूने टायमर लावलेला माझ्या मते बरा: पहिला प्रयत्न 1 सेकंदाने, मग 2, 4, असं करत 30 पर्यंत. रेडी आला की आकडा परत 1 वर.

नोफेल नावाचा फ्लॅग दिला तर कनेक्ट करताना सर्व्हर नसला तरी लायब्ररी तो येण्याची वाट बघते. सुरुवातीला त्याचा उपयोग होतो, पण चालू जोडणी तुटली तर तो वाचवत नाही. टायमर हवाच.

६. आवरताना

प्रोग्रॅम बंद करताना लॉक घ्या आणि आधी स्टेट कॉलबॅक नल करा. नाहीतर तुम्हीच घडवलेला बदल पाहून तुमचाच कोड पुन्हा जोडायला धावेल. मग स्ट्रीम आणि कॉन्टेक्स्ट डिस्कनेक्ट, दोन्हींचा अनरेफ, आणि अनलॉक. लॉक सोडल्यावरच पीए_थ्रेडेड_मेनलूप_स्टॉप, शेवटी फ्री. लॉक हातात ठेवून स्टॉप केलंत तर दोन थ्रेड एकमेकांची वाट बघत बसतील.

७. फाउंड्रीत नेण्याआधी

भोंगा वाजत असताना सर्व्हर मुद्दाम पाडा: पाइपवायर असेल तर सिस्टिमसीटीएलने यूजर पातळीवर पाइपवायर-पल्स रीस्टार्ट करा, जुना पल्सऑडिओ असेल तर त्याची सर्व्हिस. मग वायर उपटून बघा. शेवटी दोन्ही एकदम.

साउंड सर्व्हर सहसा यूजरच्या सेशनमध्ये चालतो. त्यामुळे मशीन सुरू होताच सिस्टिम सर्व्हिस म्हणून उठलेल्या प्रोग्रॅमला तो सापडत नाही. प्रोग्रॅमही त्याच यूजरची सर्व्हिस करा आणि लॉगिनसीटीएलने त्या यूजरला लिंगर चालू करा, म्हणजे पहाटे लाइट जाऊन आली आणि मशीनवर कोणी लॉगिन केलेलं नसलं तरी पहिल्या पाळीचा भोंगा वेळेवर होईल.