दुबईत सोनं घेताना

आम्हा जळगावकरांना सोन्यातलं कळतं, हा तोरा दुबईतल्या देरा भागातल्या गोल्ड सूकमध्ये, म्हणजे सोनेबाजारात, मिरवू नका. तिथे दर ग्रॅमचा भाव पाटीवर जाहीर असतो, त्यात सहसा कोणी हलत नाही. घासाघीस करायची ती घडणावळीवर, आणि ती निलाजरेपणाने करा. ‘बरं, बघू’ म्हणून उठलात की दुकानदारच पुन्हा बसवतो.

दागिना हातात आला की आधी शिक्का शोधा, साखळीत तो बहुधा फाशाजवळ असतो. 916 म्हणजे 22 कॅरेट, 875 म्हणजे 21, 750 म्हणजे 18. तिकडे 21 कॅरेटही भरपूर विकलं जातं, म्हणून पिवळ्याधमक रंगावर भाळू नका. खडे असतील तर त्यांचं वजन वेगळं लिहून घ्या, नाहीतर काचेला सोन्याचा भाव मोजाल. बिलात कॅरेट, निव्वळ वजन, भाव, घडणावळ सगळं सुटं हवं. लोहचुंबक घरीच ठेवा, तांबं-चांदीही त्याला चिकटत नाही.

5 टक्के व्हॅटपैकी बराचसा पर्यटकाला परत मिळतो. दुकानातच पासपोर्ट दाखवून नोंद करा.

मुंबईला उतरताना मात्र ‘थोड्या दागिन्यांवर ड्यूटी लागत नाही’ हा काकूंचा सल्ला ऐकू नका. दागिन्यांची 20 किंवा 40 ग्रॅमची सवलत वर्षभराहून जास्त परदेशी राहिलेल्यांना आहे, आठवडाभर फिरून आलेल्यांना नाही. रेड चॅनलमध्ये, म्हणजे सामान जाहीर करायच्या कस्टम्सच्या रांगेत, जाऊन ड्यूटी भरा, पावती जपा. अंगावरचे घरचे दागिने नेत असाल तर निघतानाच कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना त्यांच्यावर ड्यूटी लागणार नाही.

गावी आल्यावर शंका राहिलीच तर हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या. तिथलं एक्सआरएफ मशीन, म्हणजे क्ष-किरणांनी शुद्धता मोजणारं यंत्र, वरचाच थर वाचतं, हे मात्र लक्षात असू द्या.