फाइल हाताळणारा लो-लेव्हल कोड क्रॅश होतोय? या चुका टाळा

क्रॅश झाला की कोड ज्या ओळीवर पडला तिथेच एक ‘इफ’ टाकायचा, पुन्हा पडला नाही तर तिकीट बंद करायचं, ही सवय आपल्याकडे भारी. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कपासून मिहानपर्यंत एम्बेडेड लिनक्सवर (यंत्राच्या आत बसवलेल्या लहान संगणकावरच्या लिनक्सवर) काम करणारी पुष्कळ मंडळी आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण फायलींच्या कोडमध्ये ही सवय हमखास दगा देते. कोड पडतो एका जागी, आणि चूक झालेली असते त्याच्या बरीच आधी: कुणीतरी परत आलेला एरर कोड न बघताच पुढे गेलेलं असतं.

‘नल पॉइंटर’ असं लिहून आलं म्हणून तो नल असतोच असं नाही

कर्नल मॉड्यूलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला जोडलेल्या कोडमध्ये) ‘फिल्प_ओपन’ने एक फाइल उघडायला घेतली आणि ती फाइल जागेवर नव्हती. ॲप्लिकेशन लिहिताना ‘एफओपन’ची सवय असते, तो फसला की नल म्हणजे रिकामा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देतो, म्हणून हात आपोआप नल चेक लिहितो. पण फिल्प_ओपन अपयश आल्यावर नल देतच नाही. तो एरर नंबरच पॉइंटरच्या वेषात परत पाठवतो, वजा १ ते वजा ४०९५ यांपैकी एक. फाइल सापडली नाही तर वजा २.

आता हा वजा २ नल चेकमधून आरामात निसटतो. पुढे कोड त्याला खरा पत्ता समजून स्ट्रक्चरमधलं एखादं फील्ड वाचायला जातो. समजा ते फील्ड सुरुवातीपासून हेक्स (सोळाच्या पायातल्या) २८ वर आहे. हेक्स २८ मधून २ गेले, उरले हेक्स २६. एवढा लहान पत्ता दिसला की एक्स८६ वरचा कर्नल लॉगमध्ये सरळ लिहून मोकळा होतो: ‘नल पॉइंटर डीरेफरन्स, ॲड्रेस २६’. ते वाचून ज्युनिअर पोरगा आणखी एक नल चेक टाकतो आणि संध्याकाळी तोंड पाडून येतो, “दादा, चेक तर टाकला ना, तरी पडूनच राहिलं!”

पडणारच. खूण त्या पत्त्यातच होती. पॉइंटर खरोखर नल असता तर पत्ता हेक्स २८ आला असता, म्हणजे फील्डचा ऑफसेट जसाच्या तसा. ६४-बिट मशीनवर स्ट्रक्चरमधले पॉइंटर ८ च्या पटीत बसवलेले असतात, त्यामुळे ८ ने न भागणारा लहानसा पत्ता दिसला की आधी एरर-पॉइंटरचाच संशय घ्यावा. ऑफसेटमधून पत्ता वजा करा, उरतो तो एरर नंबर: २ आला तर फाइल नाही, १३ आला तर परवानगी नाही. उपाय म्हणजे ‘इझ_एरर’ने तपासणं आणि तो नंबर वरच्या फंक्शनला परत देणं. गिळून टाकू नका.

मुळात ड्रायव्हरने फाइल उघडून कॉन्फिगरेशन वाचावं का, हाही प्रश्न आहे. माझं मत साफ आहे: वाचू नये. फर्मवेअर हवं तर ‘रिक्वेस्ट_फर्मवेअर’ आहे, सेटिंग हवं तर सिसएफएस (कर्नलची सेटिंग फायलींच्या रूपात दाखवणारी जागा) आहे. आणि स्पिनलॉक (धरलेला असताना कोडला झोपायला मनाई असलेलं कुलूप) धरून फाइल वाचणाऱ्याला ‘शेड्यूलिंग व्हाइल ॲटॉमिक’ हा एरर केव्हा ना केव्हा दिसतोच.

‘राइट’ यशस्वी झाला म्हणजे डेटा डिस्कवर गेला, हा गैरसमज

मे महिना, पारा ४५ च्या वर, कूलर-एसीचा लोड, आणि दुपारी लाइन जाते. कळमन्याकडच्या एखाद्या गोदामात संगणकीय वजनकाटा बसवलेला असतो, आत लहानसा लिनक्स बोर्ड. लाइन परत आल्यावर प्रोग्राम सुरू होतो आणि लगेच पडतो. कॅलिब्रेशनची फाइल जागेवर आहे, नाव बरोबर आहे, आकार मात्र शून्य बाइट. इथे लोक फाइल वाचणाऱ्या कोडला दुरुस्त करत बसतात. बिघाड लिहिणाऱ्याकडे असतो.

‘राइट’ डेटा पेज कॅशमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) ठेवून परत येतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगप्रमाणे असं पान ३० सेकंद जुनं झाल्यावर डिस्कवर पाठवण्याच्या यादीत येतं. त्याआधी लाइन गेली तर डेटा गेला. हा घोळ २००९ मध्ये ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम नवी असताना गाजला होता: नवी फाइल लिहून जुन्या नावावर ‘रीनेम’ करणाऱ्या प्रोग्रामांच्या फायली क्रॅशनंतर रिकाम्या निघायच्या. लिनक्स २.६.३० पासून त्यावर तोडगा घातला गेला, पण तो सौजन्याचा भाग समजा. दुसऱ्या फाइलसिस्टिमकडून त्याची अपेक्षा ठेवू नका.

खरा क्रम असा: त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल उघडा, सगळा डेटा लिहा, ‘एफसिंक’ करा (म्हणजे डेटा डिस्कवर पोचेपर्यंत थांबा), मग रीनेम, आणि शेवटी त्या फोल्डरवरही एफसिंक. शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. तात्पुरती फाइल ‘टेम्प’मध्ये बनवली तर ते बऱ्याचदा वेगळं माउंट (वेगळी फाइलसिस्टिम) असतं आणि रीनेम चक्क नकार देतो. मग कुणीतरी ‘कॉपी करून टाकू’ म्हणतो, आणि सगळी मेहनत पाण्यात.

‘सगळा डेटा लिहा’ हेही वाटतं तितकं सरळ नाही. १०० बाइट सांगितले तर राइट ६० लिहूनही परत येऊ शकतो, तेव्हा उरलेल्यासाठी लूप हवाच.

आणि एफसिंकनेच एरर दिली तर? पुन्हा एफसिंक मारून बघू, असं मनात येतं. दुसऱ्यांदा तो यश सांगेलही, पण ते यश पोकळ. लिहिताना फसलेली पानं कर्नल ‘स्वच्छ’ म्हणून खूण करून टाकू शकतो, त्यामुळे दुसऱ्या वेळी लिहायला काही उरलेलंच नसतं. २०१८ मध्ये पोस्टग्रेस-एसक्यूएलच्या मंडळींना हे लक्षात आलं आणि चांगलाच धुरळा उडाला. २०१९ च्या सुरुवातीच्या अपडेटपासून एफसिंक फसला की तो डेटाबेस मुद्दाम स्वतःला क्रॅश करून घेतो आणि बदलांची नोंद ठेवणाऱ्या आपल्या लॉगवरून सावरतो. तुमच्याकडे असा लॉग नसेल तर निदान मूळ डेटा मेमरीत सांभाळा आणि पूर्ण फाइल नव्याने लिहा.

‘क्लोज’ दोनदा मारू नका

सिग्नलमुळे क्लोज मध्येच तुटला तर लोक तो पुन्हा बोलावतात. लिनक्सवर डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर) तेव्हा आधीच सुटलेला असतो. एवढ्यात दुसऱ्या थ्रेडने तोच नंबर घेतला असेल, तर तुम्ही त्याची फाइल बंद केली.

१०२४ ची भिंत

डिस्क्रिप्टर गळत असले की ‘टू मेनी ओपन फाइल्स’ येतं, आणि ‘यूलिमिट’ (उघड्या फायलींची मर्यादा) वाढवून वेळ मारून नेली जाते. त्याच प्रोग्राममध्ये जुना ‘सिलेक्ट’ (अनेक डिस्क्रिप्टरवर एकत्र लक्ष ठेवणारा कॉल) असेल तर बात बिघडते. त्याच्या बिटमास्कमध्ये ० ते १०२३ एवढीच जागा असते. त्यापुढचा नंबर शेजारच्या मेमरीवर बिट उमटवतो आणि क्रॅश भलत्याच फंक्शनमध्ये होतो. ‘पोल’ किंवा ‘ईपोल’ वापरा, आणि गळती शोधा: प्रॉकमधल्या (चालू प्रोसेसची माहिती देणाऱ्या फोल्डरमधल्या) त्या प्रोसेसच्या ‘एफडी’ फोल्डरमध्ये कोणती फाइल पुन्हा पुन्हा उघडी दिसते ते बघितलं की अर्धं काम होतं.

स्क्रीनच्या फोटोवरून निदान

साइटवरून व्हॉट्सॲपवर येतो तो शेवटच्या स्क्रीनचा फोटो, आणि त्यावर बहुधा तिसरा-चौथा ‘ऊप्स’ (कर्नलने चूक झाल्यावर छापलेला अहवाल) असतो. चौकटी कंसात १ लिहिलेला पहिला ऊप्स हवा. पुढचे अनेकदा त्याचेच परिणाम असतात, कारण मेलेल्या प्रोसेसने धरलेलं लॉक कुणी सोडलेलं नसतं. त्यासाठी लहान बोर्डवर ‘रॅमऊप्स’ (लॉग रॅममध्ये राखून ठेवणारी सोय) चालू ठेवा. रीबूटमध्ये रॅम पुसली जात नसेल तर लॉग तिथून परत मिळतो. मोठ्या सर्व्हरवर केडंप (क्रॅशच्या वेळची मेमरी जतन करणारी सोय). आणि सिम्बॉल (फंक्शनांची नावं-पत्ते वगैरे) असलेली कर्नलची प्रत प्रत्येक रिलीजसोबत जपून ठेवा, नाहीतर फंक्शनपुढच्या ऑफसेटवरून ओळ शोधता येत नाही.

दुरुस्ती झाली की टेबलावर रिले लावून बोर्डची लाइन लिहिण्याच्या ऐन मध्ये पाडा, रात्रभर, आणि दर बूटला फाइलचा चेकसम (डेटा बिघडला का ते सांगणारा आकडा) तपासा. ‘रीबूट’ कमांड देऊन केलेली टेस्ट यात धरू नका. ती बंद होताना सगळं नीट डिस्कवर लिहूनच जाते.