परसातले ग्रिल: गॅसचे की कोळशाचे?

अमेरिकेत स्वतःचे घर घेतलेल्या मराठी कुटुंबापुढे पहिल्याच उन्हाळ्यात हा प्रश्न येतो. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेच्या सुमारास दुकानांच्या दारातच ग्रिल मांडून ठेवलेली असतात, आणि विकणारा माणूस बर्नर किती, बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) किती हे सांगू लागतो. त्याचे ऐकण्याआधी आपले ग्रिल ठेवायचे कुठे आणि ते पेटवायचे कोणत्या दिवशी, या दोन गोष्टी घरी बसून ठरवून घ्याव्यात. चवीचा वाद त्यानंतरचा आहे, आणि माझ्या मते तो वाटतो तितका मोठा नाही.

जागेपासून सुरुवात करू. अनेक राज्यांचे अग्निसुरक्षा नियम ज्या इंटरनॅशनल फायर कोडवर बेतलेले आहेत, त्यानुसार अपार्टमेंटच्या लाकडी बाल्कनीत किंवा पेट घेऊ शकणाऱ्या बांधकामापासून 10 फुटांच्या आत कोळशाचे अथवा उघड्या ज्वाळेचे ग्रिल वापरता येत नाही. एका किंवा दोन कुटुंबांच्या स्वतंत्र घरांना आणि स्वयंचलित पाण्याचे फवारे बसवलेल्या इमारतींना यातून सूट असते. मात्र गावोगावचे नियम वेगळे असतात आणि टाउनहाउसांच्या सोसायट्या त्याहून कडक असू शकतात. म्हणून ग्रिल घेण्यापूर्वी सोसायटीची नियमावली वाचावी. घर स्वतंत्र असले तरी भिंतीपासून 10 फुटांचे अंतर पाळलेले बरे, कारण भिंतीवरचे विनाइलचे आवरण ज्वाळा न लागताही नुसत्या धगीने वाकते. ग्रिल कोणतेही असो, पावसाचे निमित्त करून ते गॅरेजमध्ये पेटवू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, आणि गॅरेजचे दार उघडे ठेवल्याने तो धोका टळत नाही.

आता चव. कोळशावर भाजलेल्या मांसाला जो खमंगपणा येतो, त्याचा मोठा भाग कोळशातून येत नाही. मांसातली चरबी आणि रस खालच्या निखाऱ्यांवर ठिबकतात, त्यांची वाफ आणि धूर होतो, आणि तो धूर पुन्हा मांसावर बसतो. गॅसच्या ग्रिलमध्ये बर्नरवर लोखंडी पट्ट्या असतात, त्या तापल्या की हेच काम बऱ्यापैकी करतात. पाच-सात मिनिटांत होणाऱ्या कबाबांत किंवा पनीरच्या तुकड्यांत फरक ओळखणे म्हणूनच कठीण जाते. तो जाणवतो तासभर झाकून भाजलेल्या कोंबडीत, किंवा जिथे भट्टीसारखी प्रखर धग लागते तिथे. भरताच्या वांग्याची गोष्ट आणखी वेगळी आहे: त्याचा धुरकट वास त्याचीच साल करपल्याने येतो, आणि ते काम गॅसही चोख करतो. निखाऱ्यांत पुरून भाजलेल्या वांग्याची सर मात्र त्याला येत नाही, हे मान्य केले पाहिजे. बाकी गॅसवर केलेल्या पदार्थाला कोळशाची धुरी हवीच असेल, तर वाटीत एक लाल निखारा ठेवून त्यावर चमचाभर तूप सोडावे आणि पातेले पाच मिनिटे झाकावे. हा उपाय आपल्या स्वयंपाकघरात फार जुना आहे.

यानंतर वेळेचा हिशेब येतो, आणि माझ्या दृष्टीने निर्णय इथेच होतो. कोळसा चिमणीत, म्हणजे तळाला कागद ठेवून पेटवायच्या पत्र्याच्या उभ्या नळकांड्यात, भरला की सुमारे 100 ब्रिकेटांवर, म्हणजे कोळशाच्या दाबून केलेल्या वड्यांवर, राखेचा पांढरा थर यायला 15 ते 20 मिनिटे लागतात. पुढे जाळी तापायला आणखी 10 मिनिटे. गॅसचे ग्रिल 10 ते 15 मिनिटांत तयार होते आणि जेवण झाल्यावर एका खटक्यात बंद होते. कोळशाचे निखारे त्यानंतरही कित्येक तास धुमसत राहतात. राख पूर्ण थंड व्हायला एक-दोन दिवस द्यावे लागतात आणि तोवर ती झाकणाच्या लोखंडी बादलीतच ठेवावी लागते. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला कामावरून आल्यावर आपण ग्रिल पेटवू का, असे स्वतःला विचारावे. उत्तर ‘हो’ असेल तर गॅस घ्यावा. ग्रिल फक्त शनिवारी, चार माणसे जमल्यावर पेटणार असेल आणि निखारे सारत, गप्पा मारत तासभर उभे राहण्यातच आनंद वाटत असेल, तर कोळसा घ्यावा, आणि त्यात पैसेही वाचतील.

कोळशासाठी 22 इंची गोल, झाकणाचे ग्रिल बहुतेक घरांना पुरते. हा गोल आकार शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी 1952 साली बनवला. तिथे पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांचे धातूचे अर्धगोल तयार होत. त्यातला एक घेऊन त्यांनी त्याला पाय आणि झाकण लावले. महत्त्व आहे ते झाकणाला आणि त्याच्या झरोक्यांना. खालचा झरोका हवा आत घेतो, वरचा धूर बाहेर सोडतो, आणि खालचा अर्धा मिटला की आच उतरते. म्हणून दुकानात दोन्ही झरोके सहज सरकतात का आणि झाकण घट्ट बसते का, एवढे पाहावे. कोळशात ब्रिकेट एकसारखे आणि बराच वेळ जळते, तर लाकडी ढेकळांचा कोळसा अधिक प्रखर जळतो, राख कमी करतो, पण लवकर संपतो आणि त्याची आच कमी-जास्त होते. पेटवण्याच्या तेलात आधीच भिजवलेला कोळसा घेऊ नये. त्या तेलाचा वास पदार्थाला लागला की मसालाही तो झाकू शकत नाही.

गॅसच्या ग्रिलची खरेदी अधिक फसवी असते. बीटीयूचा आकडा ताशी किती इंधन जळते ते सांगतो, जाळीवर धग किती पोहोचते ते सांगत नाही. म्हणून मुख्य बर्नरांच्या बीटीयूला जाळीच्या चौरस इंचांनी भागावे: ताशी 36,000 बीटीयू आणि 450 चौरस इंच असतील तर उत्तर 80 येते, आणि 80 ते 100 पुरेसे आहे. झाकण पातळ पत्र्याचे असेल तर मोठा आकडाही वाऱ्यावर जातो. झाकण उचलून वजन जोखावे. खिशात लोहचुंबक असू द्यावे, कारण बाहेर टिकणाऱ्या 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला ते जवळजवळ चिकटत नाही, स्वस्त 430 प्रतीला घट्ट चिकटते. बर्नर निदान तीन असावेत. एका बाजूला प्रखर आणि दुसऱ्या बाजूला मंद आच ठेवता आली, की दह्यात मुरवलेली कोंबडी बाहेरून करपून आतून कच्ची राहत नाही. प्रखर बाजूला रंग आणावा, मंद बाजूला आतले तापमान 165 अंश फॅरनहाइट, म्हणजे 74 अंश सेल्सिअस, होऊ द्यावे.

रुंद जाळीचा आपल्या घरांत आणखी एक उपयोग आहे. ग्रिलचा ऐन हंगाम जुलै-ऑगस्टचा, आणि श्रावणही साधारण तेव्हाच येतो. पाहुण्यांपैकी निम्मे शाकाहारी असतात, किंवा तेवढ्या महिन्यापुरते होतात. गॅसच्या ग्रिलची जाळी बहुधा दोन-तीन तुकड्यांत येते, त्यामुळे एक तुकडा कायमचा कणसे, पनीर आणि वांग्यांसाठी राखता येतो. गोल ग्रिलवर ही वाटणी जमत नाही. तिथे दुसरी जाळी विकत घ्यावी आणि शाकाहारी पदार्थ आधी भाजून घ्यावेत. (अमेरिकेतले गोड, कोवळे कणीस तीन-चार मिनिटांतच उतरवावे, गावठी कणसासारखे ते खरपूस करायला गेल्यास आक्रसते.)

प्रोपेनचे 20 पौंडी सिलिंडर भरलेले असेल तर त्यातून सुमारे 4,30,000 बीटीयू मिळतात, म्हणजे वर सांगितलेले ताशी 36,000 बीटीयूचे ग्रिल पूर्ण आचेवर जवळपास 12 तास चालते. रिकामे देऊन भरलेले घ्यायच्या ठिकाणी त्यात बहुधा 15 पौंडच गॅस असतो. डोळ्यांदेखत भरून देणारे ठिकाण जवळ असेल तर ते गाठावे. सिलिंडरच्या कड्यावर ‘टीडब्ल्यू’ या अक्षरांपुढे रिकामे वजन कोरलेले असते, बहुधा 17 पौंडांच्या आसपास. वजनकाट्यावर ठेवून ते वजा केले की किती गॅस उरला ते कळते, आणि पाहुणे आल्यावर आच विझण्याची नामुष्की टळते.

नवे ग्रिल जोडल्यावर नळीला आणि सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. पेटवताना झाकण उघडे हवे, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड असून तळाशी साचतो. ज्वाळा अगदीच मंद वाटल्या तर ग्रिल बिघडले असे लगेच समजू नये. सिलिंडरची तोटी एकदम उघडली की रेग्युलेटर गळती समजून गॅस रोखतो. तोटी आणि सर्व बर्नर बंद करून मिनिटभर थांबावे आणि तोटी हळूहळू उघडावी. पहिल्या दिवशी ग्रिल रिकामेच अर्धा तास पूर्ण आचेवर ठेवून कारखान्यातले तेल जाळून टाकावे आणि मग त्यावर पहिले एक मोठे वांगे ठेवावे; जाळीचा कोणता कोपरा जास्त तापतो हे त्याची साल लगेच दाखवते, आणि रात्रीच्या भाकरीबरोबर भरीतही होते.