स्त्शेमिन्स्की यांची कारकीर्द कशी अभ्यासावी

पोलिश चित्रकार व्वादिस्वाव स्त्शेमिन्स्की (1893–1952) यांच्या अमूर्त चित्रकलेचा अभ्यास सुरू करताना चरित्रातील हालअपेष्टांपासून नव्हे, तर चित्राच्या पृष्ठभागापासून सुरुवात करावी. पहिल्या महायुद्धात त्यांनी एक हात आणि एक पाय गमावला, हे खरे असले तरी त्यांचे मोठेपण त्यात शोधू नये.

प्रथम 1930 च्या दशकाच्या आरंभीची ‘युनिस्ट’ (एकसंधतावादी) चित्रे निवडावीत आणि त्यांत केंद्रबिंदू शोधून पाहावा. तो सापडत नाही, कारण चित्रात विरोध, ताण किंवा मुख्य-गौण असा भेद नसावा आणि रंग, रेषा व चौकट यांचे एकच अखंड अस्तित्व असावे, असा त्यांचा सिद्धांत होता. शक्य असल्यास मूळ चित्रच पाहावे; रंगाच्या थरांचा उंचसखलपणा छायाचित्रात बहुतांशी हरवतो.

त्यानंतर मागे वळून अमूर्त चित्रकलेचे एक प्रवर्तक काझिमिर मालेविच यांच्याशी असलेला त्यांचा संबंध आणि पोलंडमधील ‘ब्लोक’ हा नवकलावंतांचा गट थोडक्यात वाचावा.

पोलंडमधील वूच शहरातील कलासंग्रहालयाला मात्र पुरेसा वेळ द्यावा. स्त्शेमिन्स्की ज्यात होते त्या ‘आ. एर.’ या कलावंतांच्या गटाने युरोपभरातील कलावंतांकडून मिळवलेला आधुनिक कलेचा संग्रह तेथे 1931 मध्ये खुला झाला. तेथेच स्त्शेमिन्स्की यांनी रचलेले निओप्लास्टिक (मूळ रंग आणि सरळ रेषा-आयतांच्या शैलीतील) दालन 1948 मध्ये साकारले. समाजवादी वास्तववाद या सरकारी कलाशैलीच्या सक्तीच्या काळात, 1950 मध्ये, ते नष्ट करण्यात आले आणि 1960 मध्ये पुन्हा उभारले गेले. तेथे भिंतींचे रंग आणि त्यांच्या पत्नी, शिल्पकार काताझिना कोब्रो यांची शिल्पे एकत्रच पाहावीत.