नाण्यावरचे दुहेरी अक्षर : ठशातली चूक की नंतर झालेली इजा?

नाण्यावर अक्षर दुहेरी दिसले की ते ‘डबल डाय’, म्हणजे ठशातच नक्षी दोनदा उतरल्यामुळे पडलेले नाणे, असलेच पाहिजे, असे समजण्याची घाई नवखा संग्राहक हमखास करतो. नागपूरच्या सीताबर्डीवर सुट्टे म्हणून हाती आलेली नाणी भिंगाखाली धरली, तर थोडेफार दुहेरी दिसणारे अक्षर बऱ्याच नाण्यांवर सापडेल. मात्र त्यांतल्या जवळपास सगळ्या नाण्यांची किंमत दर्शनी किमतीपेक्षा पैशानेही अधिक नसते. खरी ठशातली चूक ओळखायची, तर एकच प्रश्न धरून बसावे लागते : अक्षराच्या मूळ रुंदीत भर पडली आहे, की तिचाच काही भाग दाबला जाऊन खाल्ला गेला आहे?

या प्रश्नाचे महत्त्व नाणे कसे पडते हे पाहिल्यावर कळते. टांकसाळीत नाण्यावर दाबायचा ठसा हाताने कोरत नाहीत. उठावाची नक्षी असलेला पोलादी हब त्या ठशाच्या मऊ पोलादावर प्रचंड दाबाने दाबतात आणि नक्षी त्यात खोलगट उतरते. जुन्या पद्धतीत एका दाबात ती पूर्ण उतरत नसे, म्हणून ठसा तापवून पुन्हा मऊ करीत आणि हब दुसऱ्यांदा दाबीत. या दुसऱ्या वेळी हब किंचित फिरला किंवा सरकला, तर ठशातच नक्षी दोनदा कोरली जाई आणि त्या ठशातून पडणाऱ्या प्रत्येक नाण्यावर तोच दुहेरीपणा, त्याच जागी, त्याच दिशेने उमटे. आता बहुतेक मोठ्या टांकसाळी एकाच दाबात काम भागवतात, त्यामुळे अशी चूक होतच नाही असे नाही, पण ती बहुधा बारीक असते.

या चुकीचे पाठ्यपुस्तकात शोभावे असे उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टांकसाळीतले 1955 सालचे लिंकनचे एक सेंटचे नाणे. त्यावरील साल आणि कडेची अक्षरे नुसत्या डोळ्यांनीही दोन-दोन दिसतात, पण लिंकनचा चेहरा मात्र जवळजवळ एकेरी आहे. हब मध्यबिंदूभोवती फिरला होता, म्हणून केंद्रापासून दूर असलेली अक्षरे अधिक सरकली आणि मधला भाग जागच्या जागी राहिला. शिवाय चूक एकाच ठशात होती, म्हणून नाण्याची मागची बाजू निर्दोष आहे. या दोन गोष्टी कोणतेही संशयास्पद नाणे तपासताना मनाशी धराव्यात : दुहेरीपणाला काही भौमितिक सुसंगती हवी आणि तो सहसा एकाच बाजूला असावा.

आपल्या नाण्यावर हे कसे पाहावे? एक रुपयाचे नाणे घेऊन ‘भारत’ या शब्दाची शिरोरेखा दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली आणावी. ठशातली खरी चूक असेल, तर शिरोरेखेच्या टोकाला स्पष्ट खाच दिसते, काना जिथे शिरोरेखेला मिळतो तिथे दोन कोपरे वेगळे मोजता येतात, आणि दोन्ही प्रतिमांचा माथा सारखाच गोलसर व भरीव असतो. अक्षर एकंदरीत जाड झालेले दिसते. याउलट यंत्राच्या धक्क्याने झालेल्या दुहेरीपणात अक्षराच्या एका बाजूला सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि ती पायरी अक्षराच्या रुंदीतूनच कापलेली असते, म्हणून उरलेले अक्षर शेजारच्या नाण्यावरच्या अक्षरापेक्षा बारीक भरते. नाणे पडल्याच्या क्षणी सैल बसलेला ठसा थरथरला किंवा घसरला की ओल्या मातीवरून बोट फिरावे तसा नुकताच उठलेला धातू एका बाजूला ढकलला जातो. हा प्रकार इतका सर्रास आहे की जाणकार संग्राहक त्याला चूक म्हणून मोजतच नाहीत. मला तर नवशिक्याने आधी महिनाभर अशीच पायरीवाली नाणी गोळा करून डोळा तयार करावा, असे वाटते.

तिसरा प्रकार झिजलेल्या ठशाचा. लाखांच्या घरात नाणी पाडून ठसा थकला की अक्षरांच्या कडा नाण्याच्या काठाकडे ओढल्यासारख्या फुगतात, त्यांच्याभोवती अंधूक सावली येते आणि मोकळ्या पृष्ठभागावर खरखरीत पोत चढतो. इंग्रजीतले संग्राहक या पोताला संत्र्याच्या सालीचे नाव देतात. नागपूरकराला तो वेगळा समजावून सांगायची गरज पडू नये. अमेरिकेतल्या त्याच 1955 सालच्या सेंटच्या काही नाण्यांवर शेवटचा 5 असाच झिजेमुळे दुहेरी दिसतो आणि ती ‘गरिबाचे डबल डाय’ म्हणून विकली गेली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. 1992 पासून आलेली एक रुपयाची स्टेनलेस स्टीलची नाणी कठीण धातूची असल्याने ठसा लवकर झिजवतात, म्हणून त्यांवर ठशाच्या झिजेच्या खुणा शोधायला फार लांब जावे लागत नाही.

हाताने पाडलेल्या जुन्या रुपयांना मात्र हे नियम लावू नयेत. नागपूरकर भोसल्यांच्या काळातले रुपये इतवारीच्या सराफ्यात कधीमधी दिसतात. त्यांवर अक्षरांची दुहेरी रेघ असली, तर ती बहुधा हातोड्याचा दुसरा घाव पडल्यामुळे किंवा ठसा उसळल्यामुळे आलेली असते. असा घाव त्या एकाच नाण्यापुरता असतो. यंत्राने पाडलेले आधुनिक नाणेही कधी दोनदा दाबले जाते, पण त्यात दुसरा ठसा पहिल्या नक्षीला चपटी करतो आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंवर परिणाम दिसतो.

आता राहिली बाहेरची इजा. येथे नियम सोपा आहे : ठशावर ओरखडा किंवा भेग असेल, तर नाण्यावर उठावाची रेघ येते, नाण्यावर ओरखडा पडला, तर रेघ खोल जाते आणि तिच्या काठावर ढकललेला धातू वर आलेला असतो. खोल रेघेला ‘एरर’ म्हणून विकणाऱ्याशी वाद न घालता पुढे जावे. दोन नाणी एकमेकांवर ठेवून शिकंज्यात दाबल्याने उलटी अक्षरे उमटवण्याची कारागिरीही चालते. त्यात खोलगट उलट्या अक्षरांखालची मूळ नक्षी दबलेली दिसते आणि दुसऱ्या बाजूवर त्याच जागी चपटेपणा येतो. रेल्वेच्या रुळावर ठेवलेले नाणे रुंद आणि पातळ होते, आम्लात बुडवलेले नाणे हलके आणि सगळीकडून सारखेच बोथट होते, तर माळेसाठी कडी लावलेल्या नाण्यावर झाळाची जागा उरते. पूजेत ठेवलेल्या नाण्यांच्या अक्षरांत हळद-कुंकू घट्ट बसलेले असते आणि त्याची रेघ तिरक्या उजेडात दुसऱ्या अक्षरासारखी भासते. ती साध्या पाण्यात भिजवून मऊ फडक्याने टिपून घ्यावी. चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर मात्र कधीही लावू नये, कारण घासलेल्या नाण्यावर खऱ्या चुकीचीही किंमत उतरते.

तपासणीला फार साहित्य लागत नाही. दहापट भिंग पुरते; त्याहून खूप मोठे केले की प्रत्येक कड दुहेरी वाटू लागते. उजेड एकाच दिव्याचा, एका बाजूने आणि तिरका घ्यावा, आणि नाणे हळूहळू पूर्ण फिरवून पाहावे. अनेक बारीक दिव्यांच्या पट्टीखाली प्रत्येक अक्षराला अनेक सावल्या पडतात, आणि मोबाईलचा कॅमेरा फोटो आपोआप धारदार करताना कडेला पांढरी रेघ काढतो, म्हणून निव्वळ फोटोवरून निर्णय देऊ नये आणि घेऊही नये. शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा व साधे चुंबक जवळ असावे : 2011 च्या मालिकेतले एक रुपयाचे नाणे 3.79 ग्रॅमचे असते आणि चुंबकाला चिकटते, तर तांबे-निकेलचे जुने नाणे चिकटत नाही. वजनात मोठी तूट दिसली, तर झीज किंवा आम्ल यांचा संशय आधी घ्यावा.

खरेदीच्या वेळी विक्रेता ‘असे नाणे दुसरे मिळणार नाही’ म्हणाला, तर ते डबल डायच्या बाजूचे नव्हे, तर विरोधातले लक्षण मानावे. ज्या ठशाने हजारो नाणी पाडली, त्याच्या चुकीला जोड्या असायलाच हव्यात. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी विकत घेतो म्हणून आगाऊ शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा बँकेने स्वतः 2021 मध्ये दिलेला आहे, तेव्हा अशा फोनला उत्तरही देऊ नये.

नाणे या सर्व तपासण्यांत टिकले, तर त्याच सालाची आणि त्याच टांकसाळीची आणखी नाणी जमवावीत. सालाखालचा पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार मुंबईचा, तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा, आणि काहीच खूण नसेल तर ते नाणे कोलकात्याचे. पाकिटावर साल, टांकसाळ, कोणते अक्षर, दुहेरीपणा कोणत्या दिशेला आणि वजन एवढे लिहावे, आणि तोच दोष त्याच जागी दाखवणारे दुसरे नाणे हाती येईपर्यंत त्यापुढे ‘संशयित’ असाच शब्द ठेवावा.